पाचला उठणारी गादी

तीनशे परदेशी पाहुण्यांच्या नवऱ्यांचे, बायकांचे आणि एका बाईच्या कुत्र्याचे श्वास हरवले आहेत, हे हेमराज ठवऱ्यांना कळलं तेव्हा सोमवारची दुपार होती आणि ते डब्यातली खिचडी खात होते. खिचडी त्यांनी स्वतःच केली होती आणि ती खाली लागली होती. त्यामुळे बातमीने जेवणाचा विचका केला असं काही म्हणता येणार नाही.

"साहेब, पाहुण्यांचे श्वास सापडून नाही राहिले," गिरडकर म्हणाले. गिरडकर ठवऱ्यांच्या हाताखाली, राजशिष्टाचार शाखेत, आवक टपाल सांभाळत. एखादी वस्तू हरवल्याचं सांगतानाही ती मुळात आपल्याकडे व्यवस्थित आली होती, याचा त्यांना अभिमान असे.

ठवऱ्यांनी चमचा खाली ठेवला. गुरुवारपासून नागपुरात आंतरराष्ट्रीय आपत्ती-पूर्वसूचना परिषद भरणार होती. भूकंपाची, पुराची, वादळाची चाहूल आधी कशी लागावी याचा विचार करणारे जगभरचे तज्ज्ञ सहा हॉटेलांत उतरणार होते, आणि त्यांच्या उतरण्याचं सगळं कंत्राट ठवऱ्यांच्या सहीने झालं होतं. लांबच्या पाहुण्यांची विमानं निघालीही होती.

प्रकार असा झाला होता. प्रत्येक देशाने आपल्या पाहुण्याच्या घरच्या सोबतीचा श्वास नोंदवून ई-मेलने पाठवला होता. शाखेची मात्र जुनी पद्धत होती. छापील प्रत फायलीला लागल्याशिवाय टपाल आलं असं तिथे कोणी धरत नसे. गिरडकरांनी पद्धत पाळली. त्यांनी श्वास छापायला लावला, तर मशीन वरखाली जाणाऱ्या रेघा काढू लागलं, आणि एकेका श्वासाचं हजारो पानांचं बाड होऊ लागलं. तेव्हा काटकसर म्हणून त्यांनी प्रत्येकाचं पहिलं पान तेवढं छापलं, त्यावर शिक्का मारला, देशवार गठ्ठे केले आणि लाल कापडात बांधले. मग मेलबॉक्स भरल्याची सूचना सारखी येत होती, म्हणून मेल काढून टाकले.

"काढून टाकले?"

"फायलीत आहेत म्हटल्यावर डबल काऊन ठेवायचे, साहेब?"

ठवऱ्यांनी विचारलं, त्या त्या देशाकडून परत मागवता येतील का. येणार नव्हते. कंत्राटात एक कलम होतं. शाखेने पोच दिली की पाठवणाऱ्याने आपल्याकडची प्रत नष्ट करायची. माणसाचा श्वास ही खाजगी गोष्ट, ती दहा ठिकाणी पडून राहू नये, हा हेतू. गिरडकरांनी पोच अगदी वेळेवर दिली होती. आणि ते कलम ठवऱ्यांनीच लिहिलं होतं.

आता हॉटेलात उतरणाऱ्याला दुसऱ्याचा श्वास कशाला लागतो, ते सांगायला हवं.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. अनोळखी जागी मेंदू पूर्ण झोपत नाही, हे त्याचं कारण. त्याचा अर्धा भाग झोपतो आणि उरलेला पहाऱ्यावर बसतो. बदकं अशीच एक डोळा उघडा ठेवून झोपतात. काही वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांच्या असं लक्षात आलं की या पहारेकऱ्याला दाराच्या कडीने समाधान होत नाही, मऊ उशीनेही होत नाही. शेजारी कोणाचा तरी ओळखीचा श्वास संथ चालू असला, तरच तो ड्युटी सोडून झोपतो. शेजारचा निर्धास्त आहे म्हणजे धोका नाही, एवढंच त्याचं गणित.

त्यातून श्वासगादी निघाली. दिसायला साधी डबल बेडची गादी. पण तिच्या एका अर्ध्या भागात हवेचे बारीक कप्पे असतात. घरी ती गादी शेजारच्या माणसाचा श्वास टिपते, कूस बदलणं टिपते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याने अंगाला बसणारा बारीकसा हादराही टिपते. मग परगावच्या तशाच गादीचा तो भाग तेवढाच वर येतो, तेवढाच खाली जातो, तेवढीच ऊब देतो. माणूस नसतो, पण माणूस शेजारी असल्याचा भार असतो. मात्र एकच रात्र पुन्हा पुन्हा लावून चालत नाही. मेंदूला लवकरच कळतं की तेच ते चाललंय, आणि पहारेकरी परत काठी आपटू लागतो. म्हणून पुष्कळ रात्री नोंदवाव्या लागतात.

सरकार यात पडलं ते एका फजितीमुळे. पूर्वीच्या एका परिषदेत जागरणाने पेंगुळलेल्या प्रतिनिधींनी एकच ठराव दोनदा मंजूर केला आणि तिसऱ्यांदा नामंजूर केला. तेव्हापासून यजमानाने पाहुण्याला नुसती खोली देऊन भागेना, झोप पुरवावी लागे. नागपूरच्या निविदेत भाडं खोलीचं नव्हतंच, झोपेचं होतं. पाहुणा जेवढा झोपला तेवढं हॉटेलचं देयक.

निविदेआधीच्या बैठकीत हॉटेलवाल्यांनी ठवऱ्यांना भंडावून सोडलं होतं. पाहुणा रात्रभर मॅच बघत बसला तर नुकसान कोणाचं? तो दुपारी परिषदेत झोपला तर ती झोप कोणाच्या नावावर? धंतोलीतले एक भुतडा शेठ होते. त्यांनी विचारलं की पाहुण्याला रात्री बासुंदी जरा सढळ हाताने वाढली, तर ती सेवेत धरणार की लबाडीत. ठवऱ्यांनी सगळ्यांना लेखी उत्तरं दिली. बासुंदी सेवेत बसत होती.

त्याच्याही आधी गादीची वर्षभर चाचणी घ्यायची होती. सरकारी यंत्र आपल्या बेडरूममध्ये घ्यायला एकही अधिकारी तयार होईना. ठवऱ्यांनी घरी सहज विषय काढला, तर प्रमिला म्हणाली, "आणा नं. नाहीतरी आपल्या गादीत कापूस कमी अन् गाठी जास्त झाल्या." प्रमिला त्यांची बायको. महापालिकेच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर होती. वर्षभर ती त्या गादीवर झोपली. चाचणी संपून कंपनीची माणसं गादी उचलून घेऊन गेली, तेव्हा तिने त्यांना चहा दिला आणि नंतर ठवऱ्यांशी दोन दिवस तुटक बोलली.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, मग कावीळ निघाली, मग डॉक्टर बाहेर येऊन हळू आवाजात बोलू लागले. तेव्हापासून ठवरे बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपत. झोपत म्हणजे आडवे होत.

मंगळवारी सकाळी सचिव मॅडम मुंबईहून आल्या. त्यांनी लाल गठ्ठा सोडून ब्राझीलचा श्वास उलटसुलट पाहिला आणि हा परत गादीत घालता येईल का, असं विचारलं. गादीच्या कंपनीकडून मैत्रेयी वझलवार नावाची इंजिनियर मुलगी पुण्याहून आली होती. ती म्हणाली की पहिल्या पानावर प्रत्येकाचे जेमतेम दहा-बारा श्वास आहेत, तेवढ्यात झोप सोडा, जांभईही येणार नाही. गिरडकर खाली मान घालून म्हणाले, शिक्के तरी सगळ्यांवर नीट उमटले आहेत.

मग मैत्रेयीने एक वाट सुचवली. घरच्या माणसाचा श्वास सगळ्यात चांगला, पण अगदीच नसेल तर परक्याचाही चालतो. अट एकच, तो माणूस खरोखर निर्धास्त झोपणारा हवा आणि त्याच्या पुष्कळ रात्री हव्यात. कंपनीकडच्या इतर नोंदी लोकांच्या खाजगी होत्या, त्यांना हात लावता येत नव्हता. पण एक नोंद सरकारच्या मालकीची होती.

"चाचणीतली आहे, सर. नाव नाही, नुसता क्रमांक आहे. कोणी बाई आहेत. काय झोपतात! आम्ही नव्या लोकांना शिकवताना हीच झोप दाखवतो."

तिने नमुन्याची गादी बैठकीच्या टेबलावर आणून ठेवली होती. ती सुरू केली. गादीचा डावा भाग जरासा उचलला, खाली बसला, परत उचलला. मॅडम चष्मा लावून बघू लागल्या. ठवरे समोर बसून उपम्याच्या बशीतली कढीपत्त्याची पानं बाजूला काढत होते.

प्रमिलाची एक सवय होती. झोपेत मधूनच ती लांब श्वास घ्यायची आणि तो दोन हप्त्यांत सोडायची. पहिल्या हप्त्यात 'हं' म्हणायची. कोणी काही सांगावं आणि ते आपल्याला पटावं, तसं.

गादी उचलली, थांबली, आणि दोन हप्त्यांत खाली बसली. आवाज नव्हता, पण हं होता.

ठवऱ्यांच्या हातातलं पान हातातच राहिलं. गिरडकर त्यांच्या घरी पुष्कळदा जेवून गेले होते, जेवणानंतर दिवाणावर पडून घोरलेही होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, वहिनी."

मैत्रेयीने गादी बंद करायला हात पुढे केला, तर ठवऱ्यांनी नको म्हणून मान हलवली. ही नोंद कुठेतरी शिल्लक असेल, हे वर्षभरात एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. गादी गेली म्हणजे सगळं गेलं, असं ते धरून चालले होते.

मॅडमनी गठ्ठा बांधला आणि त्या म्हणाल्या, राहू द्या, पाहुणे जागतील, आपण काहीतरी खुलासा करू. ठवऱ्यांना एक पावसाळी रात्र आठवली. प्रमिलाने आयुष्यात एकदा परक्या मुलखातल्या माणसाची सोय केली होती. नळदुरुस्तीला आलेला बिहारचा एक मुलगा पावसात अडकला, त्याला तिने बाहेरच्या खोलीत झोपवलं होतं आणि सकाळी त्याच्याकडून माळाही झाडून घेतला होता.

"पाहुणे आहेत, मॅडम," ठवरे म्हणाले. "तिनं त्यांना जागं नसतं ठेवलं."

वारस म्हणून त्यांनी संमतीवर सही केली. सही करून झाल्यावर त्यांनी मैत्रेयीला विचारलं, परिषद संपल्यावर या रात्रींचं काय होणार?

मैत्रेयीला सांगणं जड गेलं. "कंत्राटात वापरलेले सगळे श्वास परिषदेनंतर पुसायचे, असं पुढचं कलम आहे, सर. कोणत्याही कारणास्तव परत देता येत नाहीत. आणि पुसल्याचा दाखला तुमच्याच सहीने जायचाय."

ठवऱ्यांना कलम पाठ होतं. 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द त्यांनी मागाहून, विशेष विचार करून घातले होते.

गुरुवारी दहाला उद्घाटन होतं. समई तेल घालून तयार होती, सनईवाले येऊन बसले होते, फेटे बांधणारे फेटे घेऊन उभे होते. सभागृहात पाहुणा एकही नव्हता.

ठवरे धंतोलीला भुतडा शेठच्या हॉटेलात पोचले, तर तिथे लग्नघरासारखा आनंद होता. काउंटरवरच्या पडद्यावर सगळ्या खोल्या हिरव्या होत्या. पाहुणे रात्री नऊला आडवे झाले होते ते अजून झोपलेलेच होते, आणि देयक चढत होतं. शेठनी वेटरांच्या चपला काढून घेतल्या होत्या. लिफ्ट घंटी वाजवते म्हणून तीही बंद ठेवली होती. ठवरे म्हणाले, पाहुण्यांना उठवा.

"साहेब," शेठ अगदी हळू आवाजात म्हणाले, "कंत्राट झोपेचं आहे. उठवायचं कलम दाखवा."

उठवायचं कलम नव्हतं. निविदा लिहिताना तसं काही लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. शेवटी मॅडमनी परिषदेच्या प्रदर्शनातला वादळाचा भोंगा ट्रकवर चढवला आणि हॉटेलांपुढे वाजवायला लावला. रस्त्यावरची गाढ झोपलेली कुत्री उठली. शेजारच्या शाळेतली मुलं शिकवल्याप्रमाणे रांगेत मैदानात आली. पाहुण्यांपैकी एका जपानी तज्ज्ञाने काउंटरला फोन करून ही रंगीत तालीम आहे का, एवढं विचारलं आणि तो परत झोपला. तो भोंगा त्यानेच बनवला होता, असं नंतर समजलं.

मैत्रेयी पडद्यासमोर डोकं धरून बसली होती. ठवऱ्यांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, "पाचला काय केलं तुम्ही?"

"पाचला?"

"ती पाचला उठते."

मैत्रेयीने सांगितलं की हो, बाई रोज पाचला उठतात, एक दिवस चुकत नाही. पण त्याने पाहुण्याची झोप मोडेल, म्हणून तो भाग कंपनीने कापला होता आणि तिथे मधल्या रात्रीचा तुकडा जोडला होता.

"आमच्याकडे नळ पाचला यायचा," ठवरे म्हणाले. "ती उठली की मला जाग यायची. भांडं नाही वाजलं तरी यायची. आता ती उठलीच नाही, तर हे कशाला उठतील?"

पहारेकऱ्याला शेजारचा झोपलेला हवा असतो हे शास्त्राला ठाऊक होतं. शेजारचा उठला की तोही उठतो, हे कोणी तपासलंच नव्हतं, कारण सगळे संशोधक झोप लावण्याच्या मागे होते. तिने कापलेला भाग परत जोडला आणि सगळ्या खोल्यांत एकदम लावला. तीनशे गाद्यांचा डावा भाग एक कूस वळला, थांबला, आणि रिकामा झाला. थोड्याच वेळात खोल्याखोल्यांतून नळ सुरू झाल्याचे आवाज आले. उद्घाटन दुपारच्या जेवणानंतर झालं. समई दुसऱ्यांदा तेल घालून पेटवावी लागली.

दुसऱ्या दिवशी तीनशे पाहुणे पाचला उठले.

नुसते उठले असते तर निभावलं असतं. पण काहीतरी करायचं राहून जातंय, उशीर होतोय, असं वाटून ते खाली आले. हॉटेलांची स्वयंपाकघरं सातला उघडत. भुतडा शेठच्या हॉटेलात केनियाच्या दोन बायांनी भटारखान्याचा ताबा घेतला आणि चहा ठेवला. डेन्मार्कचे एक प्राध्यापक टॉवेलांच्या घड्या घालू लागले. पाचच्या नळाला ठवऱ्यांच्या सिमेंट कॉलनीत चालायची तशी लगबग त्या काचेच्या लॉबीत चालली होती, आणि ठवरे दाराशी उभे राहून पाहत होते. त्यांना दिवाणावर पाचला जाग आलीच होती, ती रोजच येई. तीनशे माणसं प्रमिला उठली म्हणून उठली होती. आपल्याला बरं वाटतंय की राग येतोय, हे त्यांना नीट ठरवता येईना.

तक्रारीही आल्या. एका प्रतिनिधीने घरी फोन करून सांगितलं की इतकी छान सोबत मला कधी मिळाली नव्हती. त्याच्या बायकोने थेट वकिलातीला फोन केला. वकिलातीने शाखेला पत्र धाडलं, गिरडकरांनी ते छापून फायलीला लावलं आणि यावेळी मेल मात्र ठेवून दिला.

टोंगा नावाच्या बेटांच्या देशाचे फिफिता म्हणून एक गृहस्थ होते, दाराएवढे रुंद. ते दोन कप चहा घेऊन ठवऱ्यांपाशी आले आणि एक कप त्यांना दिला. हा श्वास कोणाचा, असं त्यांनी साध्या इंग्रजीत विचारलं. ठवरे म्हणाले, माझ्या बायकोचा. त्या घरी असतात का, असं त्यांनी विचारलं. ठवरे म्हणाले, नाही, आता नाही. फिफितांनी कप टेबलावर ठेवला. ते म्हणाले की त्या मधूनच हं म्हणतात. मी काही शहाणपणाचं बोललोय असं वाटतं. आमच्या घरी मला असं कोणी म्हणत नाही.

ठवरे म्हणाले, "मलाही जागेपणी नव्हती म्हणत."

दोघेही हसले. मग ठवऱ्यांना बाहेर जाऊन भोंग्याच्या ट्रकवाल्याशी थोडं बोलायचं निघालं. ट्रक आदल्या दिवशीच परत गेला होता.

परिषदेचं खरं काम शनिवारवर येऊन अडलं होतं. एकाच नदीवरचे दोन देश होते, एक वरचा आणि एक खालचा. पूर येतोय हे वरच्याने खालच्याला कधी कळवायचं, यावर त्यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं, आणि त्यांनी सही केल्याशिवाय जाहीरनामा निघणार नव्हता. शुक्रवारी दोन्ही प्रमुखांनी एकमेकांकडे पाठ करून भाषणं केली.

शनिवारी सकाळी पाहुणे पाचलाच खाली आले, पण कोणी बोलेना. सगळ्यांच्या माना खाली. केनियाच्या बायांनी चहा दिला, तर घेणारा प्रत्येक जण 'माझं चुकलं' अशा चेहऱ्याने घेई. डेन्मार्कच्या प्राध्यापकांनी न विचारता घरी फोन लावला आणि बायकोची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना सांगता येईना. वरच्या देशाचे प्रमुख खालच्या देशाच्या प्रमुखांना लिफ्टपाशी भेटले आणि म्हणाले की मला रात्रभर वाटत होतं, मी कोणाला तरी दुखावलंय. खालचे म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं. जाहीरनाम्यावर जेवणाआधी सह्या झाल्या.

मॅडमना काही कळेना. मैत्रेयीने सगळ्या गाद्यांत रात्री लावलेली नोंद काढून पाहिली. यंत्राच्या मते त्यात काही वावगं नव्हतं, झोप शांत होती, श्वास संथ होता.

"झोपली नव्हती ती," ठवरे पडद्यावरच्या रेघेकडे बघून म्हणाले. "बघा, एकदाही हं नाही. भांडण झालं की भिंतीकडे तोंड करून असंच पडायची. श्वास मोजून घ्यायची, मला झोपलीय असं वाटावं म्हणून. मलाही ते कळायचं. मीही झोपल्याचं सोंग करायचो."

लग्न झालेल्या प्रत्येकाला तो श्वास कळला होता. न झालेल्यांना तो आईचा म्हणून कळला असेल.

"कशावरून भांडण होतं, सर?" मैत्रेयीने विचारलं.

ठवरे सांगायला गेले आणि थांबले. त्यांना आठवेना.

परिषद संपली. पाहुणे ताजेतवाने होऊन गेले. फिफितांनी जाताना ठवऱ्यांना शिंपल्यांची माळ दिली आणि ती बाईंच्या फोटोला घाला म्हणून सांगितलं. हॉटेलांची देयकं तयार झाली, मात्र श्वास पुसल्याचा दाखला आल्याशिवाय अनामत सुटणार नव्हती. इतर सगळ्यांचे श्वास आधीच हरवले होते. त्यामुळे पुसायचं असं जगात एकच उरलं होतं.

ठवऱ्यांनी दाखला टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट ठेवला. सही करायला घेतली की त्यांना दुसरं एखादं तातडीचं काम आठवे. मैत्रेयीने पुण्याहून फोन केला आणि आडून आडून सुचवलं, एक प्रत कोणाला न कळता काढता येईल. ठवरे नको म्हणाले. आपणच लिहिलेल्या कलमातून चोरून बायकोला घरी आणायचं, हे त्यांना कसंसंच वाटलं. तिलाही ते आवडलं नसतं. तिने दवाखान्यातली साधी डोकेदुखीची गोळीही कधी घरी आणली नव्हती. भुतडा शेठ दोनदा येऊन बसून गेले. दुसऱ्यांदा बासुंदीचा डबा तेवढा ठेवून गेले.

शेवटी मॅडमनी फाईल मागवली आणि ठवऱ्यांना समोर बसवून कलम मोठ्याने वाचलं.

"ठवरे, यात पुसावं असं आहे. एकदम पुसावं असं कुठे आहे?"

ठवऱ्यांनी पाहिलं. नव्हतं.

"आणि किती दिवसांत, तेही नाही. ढिलं लिहिलंय तुम्ही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी समासात लिहिलं की पुसण्याचं काम टप्प्याटप्प्याने, संबंधित अधिकाऱ्याच्या समक्ष व्हावं. हॉटेलांची अनामत तेवढ्यावर सोडली.

गादी ठवऱ्यांच्या घरी आली. मैत्रेयीने ती अशी जुळवून दिली की एक रात्र एकदाच लागेल आणि पाचला बाई उठल्या की ती कायमची पुसली जाईल. कायद्यात बसत होतं. पहिल्या दिवशी ठवरे दिवाणावरची उशी घेऊन आत गेले आणि सकाळी पाचलाच उठले. मधलं त्यांना काही माहीत नव्हतं. वस्तीत आता चोवीस तास पाणी होतं, तरी त्यांनी पिंप भरलं.

पुढे रोज तसंच झालं. ती उठायची, ते उठायचे, ती रात्र जायची. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तुमचा आवाज बरा लागतोय. खिचडी खाली लागायची थांबली. दर महिन्याला गिरडकरांकडून पत्र येई की पुसण्याच्या कामाची प्रगती कळवावी. पत्र पलीकडच्या टेबलावरून येई, तरी ते छापील असे आणि त्यावर आवक-जावकचा शिक्का असे. ठवरे लेखी उत्तर देत की काम चालू आहे.

आता काम संपत आलं आहे. राहिली आहे ती भांडणाची रात्र. ठवरे तिला दर वेळी पुढे ढकलत आले. भांडण कशावरून झालं ते आठवलं, की मगच ती लावायची, म्हणजे काय बोलायचं ते ठरवता येईल, असा त्यांचा विचार आहे. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, मिक्सरवरून असेल. गिरडकर म्हणाले, वहिनी त्या वर्षी गॅलरीतल्या जाळीबद्दल लई बोलत होत्या. ठवऱ्यांनी मिक्सर दुरुस्त करून आणला आहे, जाळीही बसवून घेतली आहे. त्यांना आठवलेलं नाही. दाखल्यावर सही झालेली नाही. एक रात्र पुसायची राहिली आहे.